नाताळचे पाहुणे

अनुसूयाबाई हिवाळ्यांची जीभ तिखट, हे बंगळुरातल्या अख्ख्या मराठी मंडळीला ठाऊक होतं, आणि बाईंना त्याचा थोडा अभिमानही होता. मंडळी तरी केवढी? तीस-पस्तीस माणसं. चर्च तमिळ लोकांचं. त्यांची उपासना आटोपली की दुपारी साडेतीनला आपली मराठी उपासना. ती झाली की बाई तरुणांचा वर्ग घ्यायच्या. नगर, पुणे, मिरजेकडून कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली पोरं ती. बाप्तिस्मा कशासाठी, प्रभुभोजनाआधी मन का तपासायचं, हे सगळं बाई जीव तोडून शिकवायच्या. "इथं तुमचं कोणी नाही रे बाबांनो, मंडळी हेच तुमचं घर," हे तर दर रविवारी ठरलेलं. खोटं नव्हत्या बोलत बिचाऱ्या. लग्न केलं नव्हतं, सगळा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. ही पोरं चर्चला विसरली तर आपल्यामागं या गावात मराठीत प्रार्थना करणारं कोणी उरायचं नाही, हा त्यांना घोर होता.

आणि पोरं तर गळत होती. चौदांची नऊ झाली, नवांची सहा. बाईंनी त्यावर आपल्या परीनं औषध काढलं होतं. दोन रविवार बुडवून कोणी उगवलं, की दारातच, सगळ्यांदेखत, "या या, नाताळचे पाहुणे! यंदा नाताळ लवकर आला वाटतं!" सगळे खो खो हसायचे, पोरगं लाजून जागेवर बसायचं. लाजलं की सुधारतं, असं बाईंचं शाळेपासूनचं मत. आता सुधारलेली पोरं पुढच्या रविवारी दिसायची का, तर नाही. पण ते बाईंना सांगणार कोण?

सत्त्याण्णवच्या ऑगस्टात प्रणीत साळवेनं दोन रविवार बुडवले. हा बाईंचा लाडका. पेटी वाजवायचा, वर्गात प्रश्न विचारायचा. याच्या हाती वर्ग सोपवून आपण डोळे मिटायला मोकळ्या, असं बाई मनाशी धरून चालल्या होत्या. तिसऱ्या रविवारी तो सगळ्यांच्या आधी आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि नेहमीचा मागचा बाक सोडून थेट पहिल्या बाकावर जाऊन बसला. उपासना चालवणारे पाळकसाहेब अजून यायचे होते. माणसं जमत होती.

"या या, नाताळचे पाहुणे!" बाई कडाडल्या. "आणि पाहुण्यांना मानाची जागा हवी का? ऊठ रे, पुढं वडीलधारी बसतात."

हशा पिकला. प्रणीत काही तरी बोलणार होता. मग "हो बाई" म्हणाला आणि मागं गेला. दुसरं गायन संपेपर्यंत तो तिथं नव्हता. बाईंना वाटलं, राग नाकावर आहे पोराच्या, येईल चार दिवसांनी.

नाही आला. सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला. नोव्हेंबरात एकदा वर्ग सुटल्यावर मुग्धा मागं रेंगाळली. ती प्रणीतच्याच कंपनीत होती.

"बाई, तुम्हाला कळलं होतं ना? प्रणीतची आई गेली ते?"

"अगं बाई! कधी?"

"ऑगस्टात. दोन आठवडे तो नगरला तिच्या उशाशीच होता. बुधवारी गेल्या, गुरुवारी माती दिली. रजा संपली म्हणून शनिवारी परत आला."

शनिवारी आला, म्हणजे रविवारी पहिल्या बाकावर. बाईंना आता आठवलं. त्या स्वतः नगरकडच्या. त्यांच्या गावच्या चर्चमध्ये घरात माती झाली, की पुढच्या रविवारी त्या घरची माणसं पहिल्या बाकावर बसतात. पाळक गेलेल्या माणसाचं नाव घेतात आणि सगळी मंडळी उठून उभी राहते. वडील गेले तेव्हा एकोणीस वर्षांच्या अनुसूया त्याच बाकावर बसल्या होत्या, आणि मागं सगळं चर्च उभं राहिल्याचा आवाज ऐकून हमसून रडल्या होत्या. इतक्या वर्षांत हे विसरून कसं गेलं? प्रणीत मात्र विसरला नव्हता. मंडळी हेच घर, असं बाईच सांगायच्या, म्हणून त्या घरी तो आला होता. आणि बाईंनी त्याला हसून उठवलं होतं!

पुढच्या शनिवारी मुग्धाकडून पत्ता घेऊन, दोन बस बदलून बाई कोरमंगलाला प्रणीतच्या खोलीवर गेल्या. पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या गंगव्वानं "बसा अक्का" म्हणत त्यांना वर नेलं. प्रणीत बाहेर निघायच्या तयारीत होता. त्यानं खुर्ची दिली, खालून चहा आणला. आदरानं वागला, अगदी परक्यासारखा.

"चुकलं रे माझं," बाई म्हणाल्या. साठी उलटलेल्या बाईनं आयुष्यात हे शब्द फार वेळा उच्चारले नव्हते. "मला ठाऊक नव्हतं."

"तुम्ही विचारलं नाहीत, बाई."

"उद्या ये. पुढं बस. मी पाळकसाहेबांना सांगते, सगळी मंडळी उभी राहील."

"त्या रविवारी हवं होतं ते," तो शांतपणे म्हणाला. "आता नुसतं उभं राहून काय करायचं?"

बाईंना रडू आवरेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "मग आपण दोघं इथंच प्रार्थना करू. एवढं तरी करू दे मला."

तो नको म्हणाला नाही. समोरच्या खाटेवर बसला. बाईंनी हात जोडले, डोळे मिटले. प्रार्थना करायला बाईंना कधी शब्द शोधावे लागले नव्हते. "हे प्रभू, तुझी लाडकी दासी, या लेकराची आई..."

आणि बाई अडल्या. दोन वर्षं हा पोरगा त्यांच्यासमोर बसला होता. स्तोत्रं त्याच्याकडून पाठ करून घेतली होती, पेटी वाजवून घेतली होती. त्यांनी डोळे उघडले.

"प्रणीत, आईचं नाव काय रे?"

प्रणीतनं डोळे मिटलेच नव्हते. तो बाईंकडे पाहत होता. मग उठला, बॅग खांद्याला लावली.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला. "तुमची बस चुकेल."