उधारीचा बाक

शाळेच्या लेखा विभागाबाहेर, व्हरांड्यात, एक लांब लाकडी बाक होता. परीक्षा आल्या की फी थकलेल्या मुलांना वर्गातून उठवून त्यावर बसवत. मुलं त्याला उधारीचा बाक म्हणत. तिथे बसलेल्यानं पुस्तक उघडायचं नाही, मान खाली घालायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला चेहरा दिसला पाहिजे, असा दंडक होता. तो कुठे लिहिलेला नव्हता. लिहावा लागला असता तर लिहिणाऱ्याला लाज वाटली असती, असं मला वाटतं. पण माझा लोकांविषयीचा अंदाज पुष्कळदा चुकतो.

मुलांना उठवून आणण्याचं काम शिकाऊचं. त्या वर्षी विभागात एकच शिकाऊ होती, एकवीस वर्षांची, आणि 'शिकाऊ' हेच तिचं नाव पडलं होतं. सकाळी यादी घेऊन वर्गांत जायचं, नावं वाचायची, पोरांना पुढे घालून आणायचं आणि मग खिडकीशी बसून पावत्या फाडायच्या. वर्षअखेर साहेबांनी शिफारस केली, तर नोकरी कायम.

"आवाज चढव जरा," साहेब, म्हणजे मुख्य लेखापाल, तिला शिकवत. "नाव वाचतेस की अंगाई गातेस?"

ती आवाज चढवायला शिकली. एक दिवस तिनं भीत भीत विचारलं, "साहेब, बाकावर बहुतेक मुलीच असतात. मुलांची फी थकत नाही का?"

"थकते की! पण मुलाच्या घरी आपण फोन करतो. बाप चप्पल न घालता धावत येतो. मुलीच्या घरी केला तर 'बरं' म्हणतात आणि ठेवून देतात. फुकटचा फोन कशाला?"

विभाग हसला. तीही हसली. नव्या माणसाला हसावंच लागतं.

तिची धाकटी बहीण याच शाळेत नववीत होती आणि भाऊ राजा सहावीत. वडील एका गोदामात मुकादम होते. वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी ते रांगेतून खिडकीशी आले. खिडकीच्या आत आपलीच मुलगी बसलेली पाहून त्यांना हसू आलं.

"काय बाईसाहेब, आम्हाला ओळखता का?"

त्यांनी पैसे आत सरकवले. पहिल्या तारखेला तिनंच त्यांच्या हातावर ठेवलेला तिचा पगार होता तो.

"राजाचे घे."

"आणि धाकटीचे, बाबा?"

"तिचं बघू."

"बघू म्हणजे? उद्या पेपर आहे. तीन पेपर बुडाले की नाव कमी होतं."

वडील खिडकीशी वाकले. रागावले नव्हते, समजावण्याचा सूर होता. "तेच तर सांगतोय. शाळेनंच नाव कमी केलं तर बरं. मी काढलं, तर तुझ्या आईचं रडगाणं महिनाभर ऐकावं लागेल. तू शिकलीस, कारण तेव्हा राजा लहान होता. आता दोन-दोन खर्च मला झेपत नाहीत. फाड पावती, मागे लोक खोळंबलेत."

तेव्हा तिला कळलं की सहा महिने ती काय काम करत होती. शाळा फी वसूल करत नव्हती. घरोघरच्या बापांना जे तोंडानं म्हणवत नव्हतं, ते ती त्यांच्या वतीनं वर्गात जाऊन मोठ्यानं वाचत होती.

तिनं पावती फाडली आणि घडी घालून दिली. वडिलांनी ती न वाचताच खिशात टाकली. घरच्या माणसाची पावती कोण वाचतं?

पावतीवर नाव धाकटीचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेला ती यादी घेऊन सहावीच्या वर्गात गेली. नाव वाचताना आवाज चढलेलाच राहिला. राजा उभा राहिला आणि हसला. ताई थट्टा करतेय, असं त्याला वाटलं असावं.

"दप्तर घे."

व्हरांड्यात त्यानं तिचा हात धरायचा प्रयत्न केला. "ताई, बाबांनी काल भरले ना गं पैसे? ताई, बोल ना!"

त्याला मुलींच्या रांगेत टोकाला बसवून ती आत निघून गेली. त्यानं रडत मान खाली घातली तेव्हा शिपाई म्हणाला, "ए, मान वर." त्या पोराचा काय गुन्हा होता? काहीच नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलींचाही नव्हता. पण त्यांच्याकडे पाहून तिथे कुणाला असा प्रश्न पडला नव्हता.

साहेबांनी नियमाप्रमाणे मुलाच्या घरचा फोन लावला. वडील घामाघूम होऊन आले. वाटेत त्यांनी खिशातली पावती प्रथमच वाचली होती. गोदामाच्या मालकाकडून उचललेले पैसे त्यांनी खिडकीत ठेवले.

"काल नव्हते ना, बाबा?" तिनं विचारलं.

"घरी ये," ते एवढंच म्हणाले.

राजाला वर्गात सोडलं. धाकटी तेव्हा वरच्या मजल्यावर पेपर लिहीत होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. साहेबांनी पावतीपुस्तक चाळलं आणि शांतपणे मिटलं.

"हुशार आहेस. आणखी एक नाटक कर आणि शिफारस विसरून जा."

संध्याकाळी वडिलांनी हात उगारला नाही. जेवून हात धुतले आणि धाकटीला म्हणाले, "फी भरली ना ताईनं? मग फीच बसू दे वर्गात. उद्यापासून तू घरी."

धाकटी ताटाशी तशीच बसून राहिली. राजा भिंतीकडे तोंड करून झोपेचं सोंग घेत होता.

"मग माझा पगारही घरी येणार नाही," मोठी म्हणाली.

"असं? मग तुझं ताटही मांडायचं नाही कुणी. ऐकलंस का गं?" हे आईला होतं.

आई उठली. धाकटीचा धुतलेला गणवेश दोरीवर ओला होता. तो तिनं उतरवला आणि चुलीजवळच्या खुर्चीवर पसरला. "सकाळपर्यंत वाळेल," ती स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाली.

सकाळी दोघी बहिणी बाहेर पडल्या तेव्हा वडील दारात उभे होते. ते बाजूला झाले नाहीत. दोघी अंग चोरून त्यांच्या बगलेतून निघाल्या. मागून शब्द आला, "संध्याकाळी हे दार उघडं नसेल." धाकटीचे पाय थबकले. मोठीनं तिचा दंड धरून तिला जवळजवळ ओढतच शाळेत नेलं आणि परीक्षेच्या वर्गात बसवलं.

यादी टेबलावर तयार होती. ती उचलण्याआधीच खिडकीशी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. कॉलेजात शिकवत होते.

"मुलाची पूर्ण घ्या," ते म्हणाले. "मुलीची थांबवू. तिला आता घरचंच वळण लावायचंय. तुमची जी काय पद्धत असेल, ती करा."

शिकाऊ उठली. यादी घेतली, खिडकीशेजारचं दार उघडून बाहेर आली.

"चला."

"कुठे?"

"सातवी ब. तुमची मुलगी तिसऱ्या रांगेत बसते. नाव मी वाचणार नाही. दारात उभं राहून तुम्ही हाक मारा. म्हणा, ऊठ बाळ, बाबांना तू इथे नको आहेस."

"अहो, हे काय बोलताय? कुणाशी बोलताय?"

"शिकाऊ!" आतून साहेब ओरडले. "आत ये! नाहीतर आत्ताच्या आत्ता घरी जा!"

ती आत गेली नाही. जायला घरही नव्हतं. यादी पुढे धरून ती उभी राहिली. कालच्या यादीतल्या, आपणहूनच बाकावर येऊन बसलेल्या मुली माना वर करून बघत होत्या. गृहस्थांनी हात मागे घेतले.

तेव्हा तिनं यादी रांगेत त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसापुढे धरली. मग त्याच्या मागच्यापुढे.