पेटीतलं कफन

पांढरकवड्याच्या हायवेवर ट्रकचे टायर दुरुस्त करणारा गफ्फार वीस वर्षांपासून मरायच्या तयारीत होता. शिंक आली की निमोनिया, ढेकर आला की हार्ट! मेव्हणा हजला गेला तेव्हा लोकांनी खजूर मागवले. या बाबानं जमजमच्या पाण्यात भिजवलेलं स्वतःचं कफन मागवलं आणि लोखंडी पेटीत घडी घालून ठेवलं.

बायको गुलनार अगदी उलट. घरात साप निघाला तरी म्हणेल, उंदरं तरी कमी होतील. दर उन्हाळ्यात ती ते कफन उन्हात टाकायची आणि चिडवायची, "अजी, कसर लागून जाईन याले, पण तुमी काही जात नाही!"

गफ्फार हसायचा नाही. पण आतून त्याला एकच आधार होता: आपण आधी जाणार, ही मागं राहणार. हिच्याशिवायचा एक दिवसही अल्ला आपल्याला दाखवणार नाही. जन्मभर वाईटच बोलणाऱ्या माणसाची तेवढीच एक आशा होती.

दर महिन्याला तो डॉक्टरकडे जायचा, सोबतीला गुलनार. तो आत, ती बाहेर बाकावर. यंदा तिला पाणी भरताना दम लागायला लागला, खांदा दुखायला लागला.

"काहून कण्हून राह्यली?"

"काही नाही जी, बादली उचलली. होईन बरं."

त्यानं मानलं. साऱ्या जगाचं वाईट त्याला दिसायचं, हिला काही होईल हे मात्र डोक्यात शिरलंच नाही.

त्या सोमवारी डॉक्टर तपासून हसला. "चाचा, पोरासारखं हार्ट आहे तुमचं. नव्वदी गाठता तुम्ही."

गफ्फार तोंड पाडून बाहेर आला. गुलनार घामानं भिजली होती.

"काय म्हणे?"

"नव्वद म्हणते."

"पाहा, मी म्हणत नव्हती?" ती हसली आणि त्याच्याच अंगावर कलंडली. भिंतीपलीकडे डॉक्टर होता हो, भिंतीपलीकडे! धावत आला, पण सगळं संपलं होतं.

घरी बायका जमल्या. अखेरची आंघोळ घालणाऱ्या खालांनी कफन मागितलं. मुलगा फिरोज बाजारात निघाला, तर गफ्फारनं त्याला थांबवून पेटी उघडली. कापडाला कडुनिंबाच्या पाल्याचा वास होता. पाला तिनंच घातला होता.

"हे तं मरदाचं हाय," खाला म्हणाल्या. "बाईले ओढणी अन् छातीले बांधाचं सीनाबंद जास्तीचं लागते."

"तेवढं आणा. बाकी हेच द्या तिले. तिनंच जपलं."

माती देऊन आल्यावर फिरोज बापाजवळ बसला. बापाला कशानं बरं वाटतं ते त्याला ठाऊक होतं.

"अब्बा, मोहल्ल्यातले लोक हजला चालले. तुमच्यासाठी दुसरं मागवू?"

गफ्फारनं रिकाम्या पेटीचं झाकण लावलं आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.

"कायले, बेटा? मले लय उशीर हाय. नव्वद म्हणते रे तो. नव्वद!"