नरकाच्या बाजूची केवळाबाई

केवळाबाईला हरणं कधी ठाऊकच नव्हतं, आणि यंदा तर हरायची सोयच नव्हती.

निलंग्याच्या पलीकडं, ओढ्याकाठच्या आमराईत दरसाल ख्रिस्ती लोकांची जत्रा भरायची. त्या साली ओढाच कोरडा ठाक, म्हणून मंडप सरळ वाळूत घातला होता. लातूर जिल्हा नवा नवा झालेला. एसट्यांवर नव्या पाट्या, कचेरीत नवे साहेब, आणि जत्रेच्या परवानगीसाठी उस्मानाबादेला खेटे घालायची पाळी पहिल्यांदाच टळली होती. पाणी मात्र जुन्या जिल्ह्यात नव्हतं तसं नव्यातही नव्हतं. टँकर येईल तेव्हा येईल म्हणून बाया रिकाम्या घागरी मांडून बसल्या होत्या. तरी घरी कुणी थांबलं होतं म्हणाल तर नाव नको. घरी बसून आभाळाकडं बघण्यापेक्षा इथं चार ओळखीची तोंडं तरी दिसत होती.

सगळ्यांचा जीव मात्र अडकलेला असायचा दुपारच्या सवाल-जवाबात. कलगी-तुऱ्यात असतात तसे इथंही दोन फड होते. मुदखेडचा फड दयेचा, निलंग्याकडचा फड न्यायाचा. दयेवाल्यांनी गायचं की देव बाप आहे, तो लेकरांना कायमचं जाळणार नाही. न्यायवाल्यांनी गायचं की देव राजा आहे, नरकाची आग कधी विझणार नाही. ज्या गावात नांदायला आलीस, त्या गावाची बाजू तुझी. तुला काय वाटतं हे कुणी विचारत नसे. सवाल आला की ढोलकीचं आवर्तन संपायच्या आत गाऊन जवाब द्यायचा. आणि आपली बाजू सोडून समोरच्याची गायली, की जागच्या जागी हार.

जिंकणाऱ्या फडाला ढाल नाही, नारळ नाही. त्यानं फक्त एक नाव घ्यायचं. मग अख्खी जत्रा उभी राहून त्या नावासाठी एका आवाजात प्रार्थना करायची. कुणी आजारी सुनेचं नाव घेई, कुणी घर सोडून गेलेल्या लेकाचं. ही प्रार्थना वाया जात नाही असं म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून सांगत.

केवळाबाईला ते नाव हवं होतं. तिच्या नवऱ्याचं, लिंबाजीचं.

लिंबाजी श्रावणात तापानं गेला होता. जन्मभर त्यानं न्यायाच्या फडाची ढोलकी वाजवली, पण बाप्तिस्मा काही घेतला नाही. केवळाबाईनं विषय काढला की म्हणायचा, "माझी माय बाप्तिस्म्याबिगर मेली. तुमच्या गाण्यापरमानं ती तिकडं जळून राहिली. मग मी एकटाच इकडं येऊन काय करू?" यावर केवळाबाई हसायची, आणि त्यानं ढोलकी ओढून घेतली की त्याच आगीचं गाणं आणखी तार स्वरात गायची. आता रोज पहाटे तिला ते हसणं आठवायचं आणि अंगावर काटा यायचा. मेलेल्या माणसासाठी ख्रिस्ती देवळात प्रार्थना करत नाहीत हे तिला कुणी सांगायला नको होतं. पण जत्रेच्या नावाला आडकाठी घालायची कुणाची छाती होती? फक्त जिंकायचं होतं. आणि जिंकायचं म्हणजे नरक कायमचा आहे हे गाऊन सिद्ध करायचं होतं! या उफराट्या कारभाराचा विचार तिनं मुद्दामच केला नव्हता.

"काकी, जमंल का?" ढोलकीची शाई ठाकठीक आहे का बघत शिवप्पानं विचारलं. पुतण्या गुणी होता, पण त्याची बोटं घामानं ओली झाली होती.

"न जमायला काय झालं? तू निस्ता ठेका सोडू नको," असं म्हणून केवळाबाईनं पदर खोचला.

मुदखेडवाल्यांची एसटी वाटेत बंद पडली, ते ऐन वेळेला धापा टाकत पोचले. राम राम नाही, पाणी नाही, थेट फडातच उभे. त्यांची म्होरकी धोंडाबाई, केवळाबाईची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी दुश्मन. वर्षातून एकदाच भेटायच्या आणि एकदाच भांडायच्या. लातूरच्या चर्चचे पाळकसाहेब, शांतवन, पंच म्हणून खुर्चीवर बसले, आणि झांज वाजली.

काय रंगला तो फड! केवळाबाईनं पहिल्याच कडव्याला मंडप ताब्यात घेतला.

"चुलीचा जाळ बाई राखंत निजला,
नरकाचा जाळ सांगा कुणी विझविला?"

पुढच्या रांगेतल्या बायांनी खरोखरच पाय आखडून घेतले. धोंडाबाईनं हरवलेल्या मेंढराचं गायलं, तर केवळाबाईनं मेंढरं उजवीकडं आणि शेरडं डावीकडं, आगीकडं, अशी वेगळी करून दाखवली. धोंडाबाईनं उधळ्या लेकाचं गायलं, तर केवळाबाई म्हणाली की तो लेक परत आला म्हणून बापानं मिठी मारली. जो आलाच नाही त्याचं काय? लोक शिट्ट्या मारत होते, टोप्या उडवत होते. शिवप्पाची बोटं आता सुटली होती. केवळाबाईचा चेहरा उजळला होता. जिंकतेय मी, लिंबाजी, आता थोडंच राहिलं, असं ती मनात म्हणत होती.

मग धोंडाबाई मिस्कील हसत पुढं आली. शेवटचा सवाल तिचा होता, आणि तो कुठला हे सगळ्या जत्रेला माहीत होतं. दरसाल ती लिंबाजीची चेष्टा करूनच शेवट करायची. तोही हसून ढोलकीवर एक जादा थाप मारायचा आणि मंडप हसून लोळायचा. लिंबाजी चहाला नाहीतर बिडी ओढायला गेला असंल, म्हणून पोऱ्या बसवलाय, असंच तिला वाटलं. त्याच्या मरणाचा सांगावा मुदखेडला गेलाच नव्हता.

"ढोलकीवाला तुझा आज कुठं लपला?
पाण्याचा थेंब न्हाई डोईला लागला.
सांग गं केवळा, न्याय तुझा सांग,
कोण्या दारी लागंल त्याची रांग?"

कुणी हसलं नाही. निलंग्याकडची माणसं खाली बघू लागली. धोंडाबाईचं हसू ओठांवरच थांबलं, काहीतरी चुकलंय एवढं तिला कळलं, पण काय ते कळेना. शिवप्पानं ठेका धरला, कारण काकीनं सोडू नको म्हणून बजावलं होतं.

जवाब तर तयार होता. वर्षानुवर्षं तीच म्हणत आली होती, 'डाव्या दारी, आगीच्या दारी.' तेवढं एकदा म्हटलं की फड जिंकला, नाव तिचं. केवळाबाईनं तोंड उघडलं. लिंबाजीला आगीत लोटायचं, आणि लगेच त्याच्यासाठी दोन हजार माणसांना उभं करायचं! तिला एकदम इतका संताप आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. लिंबाजीवर नव्हे, धोंडाबाईवर नव्हे, थेट वरच्यावर. आवर्तन संपत आलं होतं, आणि तिनं मान वर करून गायला सुरुवात केली.

"न्यायाची मी लेक, न्याय मागते,
देवा, तुझ्या कचेरीत उभी ऱ्हाते.
साठ पावसाळ्यांचा एकच जलम,
जुगाजुगाची सजा, हे कुठलं कलम?"

मंडपात कुजबुज उठली. "बाजू सुटली, बाजू सुटली!" असं कुणीतरी ओरडलं. केवळाबाईला ते ऐकू आलं आणि तिनं आवाज आणखी चढवला. असा आवाज तिचा तिनंही कधी ऐकला नव्हता.

"सोन्याच्या वाटंनं मी चालू कशी,
घरधनी माझा जळतो तळाशी?
विसराया लावून सुखात ठेवशील,
तर केवळा सोडून दुसरीच नेशील!"

ढोलकी थांबली. केवळाबाई मान वर करूनच उभी होती. भीती औषधालाही उरली नव्हती. उलट कधी नव्हे इतकं मोकळं वाटत होतं. लिंबाजी बरोबर बोलायचा, आणि हे तिला आज, हरता हरता कळलं होतं.

पाळकसाहेब उठले. माणूस भला होता. "केवळाबाई, शास्त्रात 'सार्वकालिक शिक्षा' लिहिलंय. ते मला खोडता येत नाही."

"खोडू नका ना. मी तुम्हाला कुठं इचारलं? मी वरच्याला इचारून राहिले."

"तुम्ही तुमच्या फडाची बाजू सोडली."

"न्याय सोडला न्हाई, साहेब."

पण नियम तो नियम. न्यायाचा फड हरला, नाव मुदखेडचं, असं पाळकसाहेबांनी जाहीर केलं. केवळाबाई जिंकायला आली होती ती ज्याच्यासाठी, तेच हातातून गेलं होतं. ती वाळूत मटकन बसली.

धोंडाबाई तिच्याजवळ येऊन बसली. "कवा गं?"

"श्रावणात."

"आन् मला कुणी सांगितलं न्हाई! मी पापीण भर मंडपात त्याची मस्करी करून राहिले." धोंडाबाईनं तोंडात पदर कोंबला.

तोवर तिच्या फडातला व्यंकटी मागून हाक मारायला लागला. मुदखेडवाल्यांचं नाव घरूनच ठरून आलं होतं: पाऊस. त्यासाठी अख्ख्या फडानं उपास धरले होते. धोंडाबाई उठली, डोळे पुसले आणि व्यंकटीकडं वळली.

"पाऊस तर आपून रोजच मागून राहिलो. जत्रेला न्हाई आलेली माणसं बी मागून राहिली. याच्यासाठी मागायला कोण हाय?" मग मंडपाकडं तोंड करून ती खणखणीत आवाजात म्हणाली, "नाव घ्या. लिंबाजी! निलंग्याचा ढोलकीवाला!"

व्यंकटीनं डोक्याला हात लावला. पाळकसाहेब चपापले. "धोंडाबाई, ते वारलेत. त्यात बाप्तिस्मा..."

"जित्याचंच नाव घ्यायचं असं कुणी कवा ठरवलं, साहेब? मी जिंकले का न्हाई?"

पाळकसाहेबांनी मंडपाकडं पाहिलं. कुणी बसून नव्हतं. घागरींपाशी बसलेल्या बायासुद्धा उठल्या होत्या. सरतेशेवटी व्यंकटीनंही झांज खाली ठेवली आणि हात जोडले. पाळकसाहेबांनी चष्मा काढून खिशात टाकला, डोळे मिटले, आणि सुरुवात केली.

"हे दयाळू बापा..."

"न्यायी बी म्हणा," केवळाबाई वाळूतून उठत मोठ्यानं म्हणाली.

पाळकसाहेबांनी डोळे उघडून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"हे दयाळू आणि न्यायी बापा," ते म्हणाले, "लिंबाजी..."

पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही. सगळी जत्रा एकदम बोलायला लागली होती, आणि सगळ्यात वरचा आवाज केवळाबाईचा होता.