बारा नळ्या

शेतात बारा नळ्या होत्या. प्रत्येक एक फूट लांब, भोकं पाडलेली, अर्धी मातीत रोवलेली. आतलं पाणी किती खाली उतरलं ते मोजायला एक मोजपट्टी. एक वही, तिच्यात एकोणीस दिवसांच्या नोंदी, सगळ्या ओलेटाकाकूंच्या अक्षरात. शेवटची शुक्रवारची: ‘जमिनीखाली चार इंच. अजून दोन. व्हर्लनला पंपाला हात लावू देऊ नये.’

शनिवारी काकू गेल्या. मंगळवारी दफन झालं. बुधवारी सकाळी मी प्रयोगाच्या कामासाठी पोचले, तर शेत पाण्याने भरलेलं.

आर्कान्साच्या या पट्ट्यात भूजल दरवर्षी खाली जातं. भाताचं शेत मधूनमधून सुकू दिलं तरी पीक घटत नाही, हे आम्हाला दाखवायचं होतं. पाणी सहा इंच खाली गेलं असतं, तर उद्या येणारे भातगिरणीवाले आणखी चाळीस शेतकऱ्यांना या प्रयोगात घेणार होते. नाही गेलं, तर हे शेत यंदा बाद.

बांधावर शेजारचे डब हॅटली उभे होते.

“रविवारपासून पंप चालवतोय,” ते काकूंच्या नवऱ्याला, व्हर्लनकाकांना म्हणाले. “भेगा पडल्या होत्या रे! म्हटलं, दुःखात माणसाला शेत कुठलं दिसतंय. डिझेल माझं. एक शब्द बोलायचा नाही.”

मी तोंड उघडलं. काकांनी माझं कोपर धरलं.

“उपकार झाले, डब.”

“उपकार कसले! आई गेली तेव्हा माझं सोयाबीन कोणी कापलं? आणि जेव जरा. माझ्या बायकोने पाठवलेलं हॅम तसंच पडलंय.”

“खारट आहे.”

“तीस वर्षं मीच खातोय ना!” ते हसले, डोळे पुसले आणि गेले.

“काका, सांगायचं तरी त्यांना.”

“काय सांगू? काल त्याने तिची शवपेटी खांद्यावर घेतली, पोरी.”

“पुढच्या वर्षी पुन्हा करू.”

“मी हो म्हणावं म्हणून दोन हिवाळे भांडली ती. पुढच्या वर्षी कोण भांडणार?”

त्यांनी मोजपट्टी घेतली.

“सातला मोजायचं असतं. उशीर झाला.”

पोटरीभर चिखलातून ते एकेका नळीपाशी वाकत गेले. बाराही झाल्यावर परत आले, हात पँटला पुसले आणि तिच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं:

‘बुधवार, सात वाजून वीस. जमिनीवर चार इंच.’