सुईएवढं कडं

भगवानराव सरांची शिकवणी बीडच्या बसस्टँडमागं आहे. तीन मजले, अर्ध्या गच्चीवर पत्रे, दारात दरवर्षी नवा फ्लेक्स. मी तिथं प्रयोगशाळा सांभाळायचे. जूनमध्ये सर म्हणाले, "आफ्रीन मॅडम, आपण आकाशाचा क्लब काढू. दुर्बीण तुमी निवडा. शनीचा पयला फोटो तुमीच काढायचा, खाली नाव बी तुमचंच."

मी खुळी. माझं नाव कुठंतरी छापून येणार, तेही स्वतः काढलेल्या फोटोखाली, म्हणून तीन महिने डोळे फोडून वाचलं.

अब्बा घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना म्हटलं, एवढं मोठं करून बघितलं की ग्रह अर्ध्या मिनिटात नजरेतून निसटतो. डोळ्यातलं भिंग न काढता ते म्हणाले, "निसटंलच की. जमीन फिरतीय न्हवं? नळीखाली घड्याळ बसव, तिच्या उलटं चालणारं. नळीचं मागून बघ, आधी पायाचं बघ."

तेच मी सरांना कागदावर लिहून दिलं. नळी पाच इंची, मॅक्सुटोव्ह जातीची, म्हणजे भिंग आणि आरसा दोन्ही असलेली, बुटकी. माउंट, म्हणजे नळीखालचा पाया, मोटरवाला, ग्रहामागं आपोआप फिरणारा. एक छोटा कॅमेरा. सगळं दोन पिशव्यांत मावलं पाहिजे, कारण एसटीनं धारूरच्या डोंगरावर न्यायचं. शनीला बीडचे दिवे आडवे येत नाहीत, तापलेले पत्रे येतात. छपरावरची हवा उकळत राहते आणि ग्रह तिच्यात वितळल्यागत दिसतो.

सरांनी कागद न वाचता खिशात घातला. आलं काय? माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढा लांब पांढरा पाइप, खाली काटकुळे पाय, मोटर नाही. खोक्यावर ठळक अक्षरांत '५२५ पट'. ही निवड सरांच्या पुतण्याची, अमरनाथची. तो केमिस्ट्री शिकवतो.

"मी काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"मॅडम, तुमचं ते डबडं पालकायला काय दाखवू? ह्ये बघा, तोफ हाय तोफ!"

तोफेजवळून कुणी चाललं तरी ती थरथरायची.

उद्घाटन शनिवारी ठेवलं. सरांची मावशी, दानम्मा, बिचारी रुईच्या पानांची माळ आणि तेलाची वाटी घेऊन आली. तिला सांगितलेलं, यातून शनिदेव दिसतात. सरांनी मोबाइल रोखला. "मावशे, वरून सोड तेल. हां, अजून! फोटो नीट येईना."

नळीचं तोंड उघडंच असतं. तळाशी आरसा.

"आतमदी सांडलं की रे भगवान," म्हातारी घाबरून म्हणाली.

"सांडू दे, चांगलं असतंय."

त्या बाईला कळलं, ह्या एम.एस्सी. झालेल्याला कळलं नाही. आरशावरचं तेल मी चार दिवस धूत होते. हाताला येणाऱ्या त्या वासापेक्षा सरांच्या हसण्याची मला जास्त किळस आली.

डिसेंबरात दिवस मावळला की शनी वर असायचा. अजान झाली की मी गच्चीवर. मोटर नाही, म्हणून नळी शनीच्या पुढं रोखायची, तो चौकटीतून सरकत जाईल तेवढा मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा, पुन्हा ढकलायची. अठरा संध्याकाळी हेच. अकरावीची वैष्णवी आणि इतर पोरींनी त्याच नळीतून शनी बघितला. यंदा त्याचं कडं आपल्याकडं धार करून आहे, म्हणून सुईएवढंच दिसतं, हे मी त्यांना शिकवलं. व्हिडिओंच्या हजारो चौकटींतल्या बऱ्या निवडून, एकावर एक बसवून फोटो तयार झाला: पिवळट ठिपका, मधून बारीक रेघ. कडेला फाटलेला. पण माझा.

"ह्ये काय?" सर म्हणाले. "लिंबात दाभण खुपसल्यागत. ह्येच्यावर ॲडमिशन येत्यात व्हय?"

सोमवारी दारात फ्लेक्स लागला. परातीएवढी कडी असलेला, अवकाशयानानं काढलेला शनी, नेटवरून उचललेला. खाली: 'आपल्याच गच्चीवरून! छायाचित्र: कु. आफ्रीन इसाक शेख.'

भर वर्गात वैष्णवी उभी राहिली. "मॅडम, आमाला तर कडं सुईसारखं दिसलतं. फ्लेक्सवर एवढं रुंद कावून हाय? खरं कोणतं?"

सर दारातच होते. हसत म्हणाले, "सांगा मॅडम. मोठ्या कॅमेऱ्यानं येतंय म्हणून सांगा."

पन्नास पोरं माझ्याकडं बघत होती. हो म्हणाले असते, तर मी शिकवलेलं सगळं खोटं.

"गच्चीवरून दिसलं ते खरं," मी म्हणाले. "फ्लेक्सवरचा फोटो मी काढलेला नाही. तो चोरलाय."

सर मला बाहेर घेऊन आले. "डोकं फिरलं का तुमचं? तुमचं नाव मोठं केलं, त्येचं ह्ये फळ?"

मी शिपायाची शिडी फ्लेक्सला लावली, प्रयोगशाळेतलं ब्लेड घेतलं आणि चढले. रिक्षावाले थांबले.

"उतरा! लोकं बघायलेत!"

"बघू द्या. नाव माझंय, मी नेते. चित्र ठेवा तुम्ही, तुम्हाला शोभतंय."

नावाची पट्टी कापली, घडी घालून पर्समध्ये टाकली आणि घरी आले. पुन्हा तिथं गेले नाही.

दोन दिवसांनी बसस्टँडवरून जाताना दिसलं. कापलेल्या जागी नवी पट्टी: 'छायाचित्र: प्रा. अमरनाथ.' त्या माणसानं नळीला एकदाही डोळा लावलेला नाही.