खिडकीखालच्या भेगेचं पान

प्रयोगशाळेच्या पूर्वेकडच्या खिडकीखाली भिंतीला एक भेग आहे. वरच्या टोकाला ती केसाएवढी, मधोमध नखाच्या कडेएवढी, आणि फरशीच्या वीतभर वर ती दिसेनाशी होते. मधल्या भागात तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू बसवलेला आहे. पहिल्या शुक्रवारी त्या दोन स्क्रूंच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर ४१.२ मिलीमीटर भरलं. बाराव्या शुक्रवारी ते ४१.८ होतं.

ही मापं आठवीतल्या एका मुलीनं घेतली. वर्गात तिला सगळे पट्टी म्हणतात, कारण दप्तर विसरेल पण पट्टी विसरणार नाही अशी तिची ख्याती आहे. बारीक अंतर मोजायचा व्हर्नियर कॅलिपर शाळेत एकच आहे, तो माझ्या कपाटात कुलपात असतो. दर शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती दारात येऊन उभी राहायची.

"बाई, व्हर्नियर."

"डबा खाल्लास का?"

"भेग बघून खाते."

मोजलेलं वहीत लिहायचं, वही माझ्याकडे द्यायची, आणि मी ते वर्गाच्या वेबसाइटवर चढवायचं, अशी आमची पद्धत होती. वेबसाइट कॉम्प्युटरच्या सरांनी अर्ध्या तासात उभी केली होती. "फुकट आहे, बाई," ते म्हणाले होते. "पैसे मागायला लागले की आपण दुसरीकडे बिऱ्हाड हलवू." चौतीस मुलं, चौतीस पानं. नावं घातली नव्हती, फक्त हजेरीचे क्रमांक. कुणी जिना चढायच्या आधी आणि नंतर घरातल्या सगळ्यांच्या नाडीचे ठोके मोजले होते. कुणी वेगवेगळ्या भांड्यांत बर्फ किती वेळ टिकतो ते पाहिलं होतं. एकानं बागेतल्या मुंग्यांची वाट सहा दिवस नकाशावर काढली होती, आणि सहाव्या दिवसाखाली लिहिलं होतं, "आज मुंग्या आल्या नाहीत. कारण माहीत नाही."

साइटमध्ये बदल करायची परवानगी सरांना आणि मला, दोघांनाच होती. ती मुलांना द्यावी म्हणून सर पहिल्या महिन्यापासून माझ्या मागे लागले होते.

"एक बटण दाबायचं, बाई. प्रत्येकाला त्याचं त्याचं पान."

"आणि मग ऱ्हस्व-दीर्घाचा जो गोंधळ होईल तो?"

"होऊ दे की. आठवीतलीच आहेत, कुलगुरू थोडीच आहेत?"

"पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणायची. पुढच्या महिन्यात परीक्षा असायची, नाहीतर पालकसभा.

टाइप करता करता मी सुधारत असे. शुद्धलेखन, एककं, आकडा आणि एकक यांच्यामधली मोकळी जागा. शिक्षकांच्या खोलीत मला 'बिनचूक बाई' म्हणतात. मागून म्हणतात असं त्यांना वाटतं. घरी नवराही तेच म्हणतो, फक्त तोंडावर. त्यानं लिहिलेली बाजाराची यादी मी एकदा खाडाखोड करून नीट केली होती, तेव्हापासून तो यादी करून झाली की माझ्यासमोर धरतो. "बाई, तपासता का?"

इतर पानांवर मी शुद्धलेखनाच्या पुढे गेले नाही. भेगेच्या पानावर गेले.

तिसऱ्या शुक्रवारी पट्टीच्या वहीत ४१.३ होतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात ४१.४. भेग वाढेल किंवा आहे तेवढीच राहील, मिटणार कशी, असा विचार मनात आला आणि गेलाही. व्हर्नियर जरा तिरका धरला गेला असणार. मी ४१.४ टाइप केलं. पाचव्या आठवड्यात वहीत ४१.२ होतं, मी चौथ्यातला आकडाच पुन्हा लिहिला, ४१.५. बारा आठवड्यांत मी असे सहा आकडे बदलले. प्रत्येक आकड्यापुढे ती हवेचा शेरा मारायची, 'कडक ऊन', 'गार', 'ढगाळ'. विषयाला धरून नाही म्हणून मी ते शेरे गाळले. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. तापल्यावर पदार्थ प्रसरण पावतात हे वाक्य गेली सतरा वर्षं मी दर वर्षी फळ्यावर लिहिते.

बाराव्या शुक्रवारनंतरच्या मंगळवारी मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर एक गृहस्थ बसले होते. मुंग्यांच्या नकाशावाल्या मुलाचे मामा. इमारतींच्या तपासणीचं काम करतात. भाच्याचं पान पाहायला म्हणून साइट उघडली आणि शेजारचं पान उघडून बसले.

"पोरीनं काम झकास केलंय," मामा म्हणाले. "पण मला रात्री झोप आली नाही, खरं सांगतो. चला, भिंत दाखवा."

त्यांनी गुडघ्यावर बसून टॉर्च मारला, भेगेवरून बोट फिरवलं, बाहेरच्या बाजूनंही पाहून आले.

"मागेपुढे होणारी भेग मला चालते, बाई. भिंत उन्हानं फुगते, गारठ्यानं आखडते, भेग थोडी मिटते, थोडी उघडते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ही बारा आठवड्यांत एकदासुद्धा मागे आलेली नाही. एकाच दिशेनं चालली आहे. म्हणजे खाली पाया बसत असणार."

"म्हणजे?" मोठ्या सरांनी विचारलं.

"म्हणजे ही खोली बंद. उद्यापासून मुलं इथे नकोत. शुक्रवारी मी लेखी देतो."

ते बोलत होते आणि मला समोर फक्त वहीतले आकडे दिसत होते. ४१.३. ४१.२. मिटणारी भेग. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणाले, "मी एकदा वही बघते."

"बघा, बघा," मामा म्हणाले. "तुमचं काम चोख असतं असं भाचा सांगतो."

बुधवारी खोली रिकामी करायला घेतली. आमच्या शाळेत नळ आणि गॅस असलेली ती एकच खोली आहे. ती गेली की वर्षभर प्रयोग फळ्यावर, हे सगळ्यांना माहीत होतं. मुलांनी चंचुपात्रं, परीक्षानळ्या, तराजू टोपल्यांत भरून सायकलींच्या शेडमध्ये नेले. शेडला तीन बाजूंनी भिंत नाही. पहिल्याच तासाला वाऱ्यानं स्पिरिटचा दिवा चार वेळा विझला.

"बाई, इथे ज्योतीचे भाग शिकायचे की वाऱ्याचे?" मागून कुणीतरी विचारलं.

मी हसले नाही. पट्टीही हसली नाही. तास संपल्यावर ती मागे रेंगाळली.

"माझ्यामुळे खोली गेली असं सगळे म्हणतायत."

"तुझ्यामुळे नाही गेली."

"मग कुणामुळे?"

मी वही मागितली. तिनं दिली. पाचव्या शुक्रवारपुढे, ४१.२ च्या खाली, पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, टाइप करताना मी ते कधी वाचलंच नव्हतं : 'तीनदा मोजलं. तिरका नाही.' सातव्यापुढेही तेच. आठव्या, दहाव्या, अकराव्यापुढेही.

"हे कधीपासून लिहायला लागलीस?"

"तुम्ही म्हणालात ना, तिरका धरला असशील. तेव्हापासून."

मी असं म्हटल्याचं मला आठवेना. तिला दिवस आठवत होता.

"साइटवर वेगळे आकडे आहेत हे तू पाहिलं होतंस?"

"हो."

"मग बोलली का नाहीस, बाळा?"

"बोलले होते की, पाचव्या आठवड्यात. तुम्ही म्हणालात, टाइप केलंय ते बरोबर आहे, वहीत दुरुस्त कर." तिनं पायानं फरशीवरचा खडू सरकवला. "मी नाही केलं. म्हटलं, वही माझी आहे."

घरी मी नवऱ्याला सांगितलं. तो कांदा चिरत होता. सुरी खाली ठेवून त्यानं नीट ऐकून घेतलं.

"मग सांगून टाक ना. त्यात काय? टायपिंगची चूक म्हण."

"टायपिंगची चूक सहा वेळा एकाच दिशेनं होत नाही."

"त्यांना काय कळणार आहे?"

"मामांना कळेल. आणि पट्टीला आधीच कळलंय."

"मग यातून तुझी सुटका नाही," तो म्हणाला आणि पुन्हा कांद्याकडे वळला.

गुरुवारी मी साइट उघडली. त्या फुकटच्या साधनात पानाचा इतिहास दिसतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदललं ते सगळं. भेगेच्या पानावर सत्तावीस नोंदी होत्या, सत्तावीसही माझ्या नावाच्या. मग मी बाकीची पानं पाहिली. मुंग्यांच्या पानावर सहाव्या दिवसाखालचं 'कारण माहीत नाही' हे वाक्य नव्हतं. तेही मीच काढलं होतं. का, ते मला आता सांगता येईना. बहुधा बरं दिसत नव्हतं म्हणून. इतर पानांवर मी शुद्धलेखनाच्या पुढे गेले नव्हते ही माझी समजूतही खरी नव्हती.

शुक्रवारी साडेअकराला मोठ्या सरांच्या खोलीत मामा कागद घेऊन आले. कॉम्प्युटरचे सरही होते, कारण पानाचं काय करायचं तेही ठरवायचं होतं. मी पट्टीला बरोबर नेलं. ती दाराशी थांबली, वही छातीशी धरून.

"सही करण्याआधी हे बघा," मी म्हणाले. "साइटवरचे सहा आकडे मुलीचे नाहीत. माझे आहेत."

"म्हणजे तुम्ही मोजले?" मामांनी विचारलं.

"नाही. मी बदलले. आकडा मागे आलेला दिसला की मला तो चुकीचा वाटायचा. मी आधीचा लिहायची."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. "तुम्ही?" ते म्हणाले. "बाई, तुम्ही?"

मामांनी हात पुढे केला. पट्टीनं वही दिली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून एकेक ओळ बोटाखाली धरली.

"हवा पण लिहिलीय," ते म्हणाले. "हे साइटवर का नव्हतं?"

"मी गाळलं."

"अहो, हेच तर हवं होतं!" त्यांनी वही टेबलावर आपटली नाही, पण आपटल्यासारखी ठेवली. "गार हवा, एकेचाळीस पॉइंट आठ. कडक ऊन, एकेचाळीस पॉइंट दोन. ही भिंत आखडतेय आणि फुगतेय. पाया कसला बसतोय! मी वरच्या कार्यालयात कागद टाकणार होतो. लोक मला हसले असते." मग पट्टीकडे वळून म्हणाले, "तिरका नाही, हे काय आहे?"

"व्हर्नियर," पट्टी म्हणाली. "तिरका नव्हता."

"बरं. नव्हता." त्यांनी आणलेला कागद घडी घालून खिशात ठेवला. "खोली वापरा. पण मी माझं मापक लावून जातो, महिनाभर मीही बघणार. आता मला कुणाच्याच आकड्यांवर भरवसा ठेवता येत नाही. राग मानू नका, बाई."

"मानत नाही," मी म्हणाले. मानण्यासारखं काही नव्हतंच.

मोठ्या सरांचा चेहरा अजून उतरलेलाच होता. त्यांना घोटाळा नको होता. तो टळला होता, तरी त्यांच्याशिवाय खोलीतल्या चार माणसांना तो ठाऊक होता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "झालं ते झालं. ते पान आधी काढून टाका. आणि यापुढे कुठलंही पान वर जाण्याआधी बाई तपासतील, मग मी तपासेन. दोघांच्या सह्या झाल्याशिवाय एक अक्षरही नाही. पालक बघतात ही साइट."

कॉम्प्युटरचे सर काहीतरी बोलणार होते. माझ्याकडे बघून थांबले. दर महिन्याला मी जे म्हणायची तेच आताही म्हणेन असं त्यांना वाटलं असावं. पट्टीनं वही उचलून पुन्हा छातीशी धरली.

"नाही, सर," मी म्हणाले.

"काय नाही?"

"पान काढायचं नाही. आणि तपासायचंही नाही." माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला, म्हणून मी कॉम्प्युटरच्या सरांकडे वळून पुन्हा, जरा मोठ्यानं बोलले. "सर, मुलांना परवानगी द्या. चौतीसच्या चौतीस जणांना, आजच. आपापलं पान ती स्वतः लिहितील आणि स्वतः प्रसिद्ध करतील. मला काही म्हणायचं असेल तर मी खाली लिहीन, माझ्या नावानं."