माझ्या जबड्यात घडलेली बैठक

मित्रांनो, मी एक जुना शेगडा आहे. दोन लोखंडी जबडे, ते आवळणारा स्क्रू आणि बाकाला बोल्टांनी जखडलेले पाय, एवढाच माझा देह. कानस चालवताना वस्तू घट्ट धरून ठेवणे हे माझे काम. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी चांगदेव मिस्त्रींनी मला मुंबईच्या जुन्या बाजारातून लाँचने रेवदंड्याला आणले. त्यांच्या मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात माझा मोठा मान होता. “आमच्या शेगड्यानं धरलं की हलायचं काम न्हाय,” असे ते गिऱ्हाइकांना सांगत, आणि मी आतून फुगत असे.

चौलच्या डॉक्टरीण सरोजिनीबाईंची मोटार फार जुनी होती. तिच्यातून त्या गावोगाव जाऊन बाळंतपणे करत. एकदा तिचा कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोलात हवा मिसळणारा भाग, बिघडला. त्यातली दांडी फिरते ते भोक झिजले होते. ते मोठे करून पितळी नळी बसवायची होती. नवा भाग कुठेच मिळत नव्हता.

मिस्त्रींनी तो कार्ब्युरेटर माझ्या जबड्यात दिला. तो ओतीव धातू ठिसूळ होता. मी नेहमीसारखा आवळला, आणि कडेचा टवका उडाला.

“तुझं काम न्हाय हे,” मिस्त्री पुटपुटले. ते मला फार लागले.

मग त्यांनी तो डाव्या हातात धरून भोक पाडायच्या यंत्राखाली नेला. ड्रिल अडकले, भाग गरकन फिरला आणि त्यांचा तळवा फाटला. टाके सरोजिनीबाईंनीच घातले. “गाडी नसली तर मी बैलगाडीने जाईन, मिस्त्री,” त्या म्हणाल्या. “हात नसला तर तुम्ही काय कराल?”

घरधनीण केसरवहिनी दारात उभ्या होत्या. “त्या भागाला बसाया नीट जागा करा,” त्या म्हणाल्या. “तवर यंत्राला हात लावू नका.”

जखम भरल्यावर मिस्त्रींनी जाड लोखंडी पट्टी कापली. कार्ब्युरेटरच्या तळाच्या भोकांत नेमक्या बसतील अशा खुंट्या तिच्यावर ठोकल्या आणि वरून हलकेच दाबणारी, तांब्याचे अस्तर लावलेली पकड बसवली. तिला ते ‘बैठक’ म्हणत. आणि हे सगळे कानसकाम कुठे झाले? माझ्याच जबड्यात! जिच्यामुळे माझा मान जाणार होता, तिला मीच धरून होतो. सोडता येत नव्हते. धरण्यावाचून मला दुसरे काय येते?

बैठक यंत्राच्या टेबलाला बोल्टांनी जखडली गेली. मिस्त्रींनी भाग तिच्यावर बसवला आणि यंत्र सुरू केले. मी मनात म्हणत होतो, सुटू दे, एकदा तरी सुटू दे.

ड्रिल पुन्हा अडकले. पट्टा किंचाळला आणि चाकावरून घसरला. बैठक तसूभरही हलली नाही. मिस्त्रींनी यंत्र बंद केले आणि आपला हात उलटसुलट करून पाहिला. कुठे नवा ओरखडासुद्धा नव्हता. दारातल्या केसरवहिनी तिथेच खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. तेव्हा मला माझ्या मागण्याची भीती वाटली.

गाडी सुरू झाली. पुढे म्हसळ्यापासून लोक जुने कार्ब्युरेटर घेऊन येऊ लागले. कौतुक बैठकीचे होई, आणि मी वाकडे खिळे सरळ करत राही. हेवा गेला असे मी सांगणार नाही. रोज सकाळी मिस्त्री तिला आधी पुसत, तेव्हा माझे जबडे करकरत.

आता मिस्त्री थकले आहेत. कारखान्याला कुलूप आहे, आणि खारी हवा आम्हा दोघांनाही खाते आहे. मित्रांनो, फिरत्या यंत्राखाली कधी वस्तू हातात धरू नका. तिला बसायला जागा करा, मगच यंत्र चालवा. आणि इथे कधी आलात, तर आम्हाला दोन थेंब तेल घाला. तिलाही घाला. पण आधी मला.